बाबांचं अरबी

मस्कतच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी मिळाली तेव्हा अख्ख्या वाडीने मला एकच सांगितलं, अरबी बापाकडून शिकून घे. बाबा तरुणपणी तिकडे मासेमारीच्या बोटीवर होते. आमच्या घरी पाणी मराठीत कोणी मागितलंच नाही. बाबा 'जीब माय' म्हणायचे आणि आम्ही पोरं हसत तांब्या घेऊन धावायचो.

शिवाय बाबा म्हणजे गावचे गाऱ्हाणं घालणारे. देवापुढे नारळ ठेवून एकदा सगळ्यांच्या वतीने मागणं मागायला लागले की देवाचेही पाय दुखावेत. म्हटलं, याहून चांगला मास्तर कुठला मिळणार.

मोबाइलवर पहिला धडा लावला. कैफ हालिक? कशी आहेस? उत्तर काय द्यायचं, मी बाबांना विचारलं.

"ह्या ते अरब आपसात बोलत," बाबा म्हणाले. "जबाब म्हायत नाय."

मी वैतागले. "बाबा, मस्करी पुरे. पयलोच धडो आसा हो."

"माका कोणी इचारूकच नाय गो."

"मगे तुमका येता तरी काय?"

त्यांची कळी खुलली. जीब म्हणजे आण. शील म्हणजे उचल. रूह म्हणजे चालू पड. उस्कुत म्हणजे तोंड बंद. अगदी ऐटीत सांगत होते, आणि मी हबकून बघत राहिले. एवढी वर्षं ज्या अरबीचा आम्ही तोरा मिरवला, ते सगळे त्यांच्यावर ओरडलेले हुकूम होते. मेल्यांनो, एकालाही वाटलं नाही, या माणसाला कसा आहेस म्हणून विचारावं? आणि याला म्हणे तोंड बंद! त्याच मुलखात मी निघाले होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोबाइल बंद केला.

निघायच्या सकाळी देवळात त्यांनी माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं. एरवी लांबण लावणारे बाबा, त्या दिवशी एवढंच बोलले.

"बा देवा म्हाराजा, माझा चेडू परमुलखात जाता. तेका थंय काय मिळांदे, नको मिळांदे, पण रोज एक तरी माणूस तेका 'कशी आसस' म्हणान इचारूंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मी बाबांच्या पाठीकडे बघत होते.

बाबांनी वळून पाहिलं. "म्हण गो. तू म्हटल्याशिवाय गाऱ्हाणा लागूचा नाय."

मी हात जोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा."