स्विचवरचं लाल कुलूप

परवा घराच्या दाराला ऑइलपेंट लावायला घेतला आणि त्या वासासरशी गुम्मिडिपूंडीच्या आमच्या कारखान्यातली एक दुपार आठवली. गाड्यांच्या सुट्या भागांवरचा रंग वाळवायला तिथे बोगद्यासारखी लांब, मध्येच वळलेली भट्टी होती. सफाईला आत शिरणारा माणूस आधी भट्टीचा मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचं लाल कुलूप लावायचा, किल्ली खिशात ठेवायचा, आणि बाहेर आल्यावर ते त्यानेच काढायचं, असा नियम होता. त्या दुपारी कुलूप तसंच होतं आणि माणसाचा पत्ता नव्हता. माल अडकलेला, छताचे पंखे नुसती गरम हवा ढवळत होते, साहेब भडकले होते. "टॉर्च मारून बघितलं, आत कोणी नाही. कुलूप तोडा," ते म्हणाले. फिटर कटर घेऊन आलाही. तेवढ्यात आमची नवी सेफ्टी ऑफिसर स्विचला पाठ लावून उभी राहिली. "वळणापलीकडचं दिसत नाही सर. आधी त्याला शोधू." "नोकरी कायम व्हायचीय ना तुमची?" साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं. "हो सर," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. मग कँटीनच्या बाजूने, ओले हात शर्टाला पुसत, तो माणूस आला. "बघितलंत? आत कोणी नव्हतं," साहेब म्हणाले. "हो सर, आता बघितलं," असं म्हणून ती बाजूला झाली. तिला कायम केलं नाही. आता साहेबांच्या खुर्चीत मी बसतो, आणि कोणी कटर मागायला आलं की म्हणतो, आधी माणूस दाखव.