पखवाजावर वळणारं बोट

आमच्या पेडण्याच्या भजनी मंडळात नवे अभंग वर्षाला दोन बसतात, किस्से मात्र दर गुरुवारी वाढतात. अलीकडचे बहुतेक सगुणबाबचे. सगुणबाब म्हणजे आमचे पखवाजी, दिवसा विजेच्या खांबांवर लाईनमन. मी पेटी वाजवतो, त्यांच्या अगदी शेजारी बसतो. तरी त्यांना नेमकं काय झालं ते मला अजून धड कळलेलं नाही.

*

सुरुवात चालू अभंगात झाली. त्यांच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट आपोआप तळव्यात वळलं आणि बोल अडखळला. गाता गाताच बुवांनी डोळे वटारले. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. आम्हाला वाटलं, संधिवात. पण तेच बोट खांबावर तारा पिळायचं, बांगड्याचे काटे काढायचं, बाईकचा ब्रेक दाबायचं. वळायचं ते फक्त पखवाजावर.

"हात माजोच," ते म्हणाले, "पण पखवाजार ठेवलो काय दुसऱ्याचो जाता."

"मग त्या दुसऱ्याक लय शिकव," बुवा म्हणाले.

*

सगुणबाबच्या बायकोने, म्हणजे आमच्या वयनीने, देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. देवाला त्रास काय सांगू, असं भटांनी विचारलं.

"बोट बरा आसा," वयनी म्हणाली, "पण वाजवताना बरा नाय."

भटांनी दोनदा विचारलं, दोनदा हेच उत्तर आलं. शेवटी त्यांनी सगळ्यांचं भलं कर एवढंच मागितलं आणि नारळ फोडला.

*

मग मी त्यांना मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या बोटाला बारीक तारा लावल्या आणि सांगितलं, हलकं टोचेल, एकदा की दोनदा तेवढं बोला. सगुणबाब "एक, एक, एक" म्हणत गेले. बाई प्रत्येक वेळी दोनदा टोचत होत्या.

हा मेंदूचा विकार, काही वादकांना होतो, असं त्या म्हणाल्या. बोट हुकूम ऐकत नाही, आणि अगदी लागून आलेले दोन स्पर्श एकच वाटतात. दोन्हींचा संबंध कसा, हे अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही.

जन्मभर मात्रेचे तुकडे पाडणारा माणूस स्वतःच नखाने ते बोट टोचून बघायला लागला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, ह्याचंही बघा. मी खुर्चीवर बसलो, डोळे मिटले आणि ठामपणे सांगितलं, "दोन."

"मी अजून सुरू केलेलं नाही," बाई म्हणाल्या.

*

एकदा नारळ किसताना आदोळीच्या पात्यावर तेच बोट कापलं. पट्टी बांधूनच सगुणबाब भजनाला आले, आणि बोट वळलंच नाही. बुवा त्या बोटाकडे बघता बघता गायचेच थांबले, अभंगाचा अंतरा मलाच पुरा करावा लागला. जखम भरली तरी सगुणबाब पट्टी लावून येत राहिले. बाईंना फोन केला, तर म्हणाल्या, होतं असं, वेगळ्या स्पर्शाने मेंदू फसतो.

चौथ्या गुरुवारी तो फसायचा थांबला. सगुणबाबनी पखवाजाला खोळ घातली आणि तो बुवांच्या घरी पोचवला. तेव्हापासून ते टाळ घेऊन मागे बसतात. टाळ वाजवत नाहीत.

*

यंदाच्या सप्ताहाला आम्ही लाटंबार्से गावातून पखवाजी बोलावला. पस्तिशीचा माणूस, हात असा तयार की बुवांनी नेहमीपेक्षा वरची पट्टी धरली. सगुणबाब माझ्यामागे खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. अभंग रंगात आला तेव्हा ते पुढे वाकले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "ह्याचा बोट वळता."

मी निरखून बघितलं. बोटं स्वच्छ पडत होती. एकही बोल चुकला नव्हता. बुवांनाही काही जाणवलं नव्हतं, मी नंतर विचारलं. दोन टोचण्या ज्याला एक वाटतात, त्याला हे कुठून ऐकू येणार?

अभंग संपला, चहा आला. सगुणबाब उठले आणि त्या पखवाज्याजवळ जाऊन बसले. मग हळूच विचारलं, "कधीपासून?"

त्याने उजवा हात पंच्याखाली घेतला. आधी बुवांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गणपतीच्या चवथीपासून," तो म्हणाला. "घरात कोणाक सांगूक नाय."