'मला' आणि 'मले'

लग्न होऊन पुण्याहून नागपुरात आले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमच्या गल्लीतल्या बायका एकमेकींना 'काय वं', 'ये वं' म्हणत. मला मात्र 'अहो बाई'. इतका मान माहेरीही कोणी दिला नव्हता, आणि तो मला नकोच होता. मला ते 'वं' हवं होतं.

त्याच सुमारास वाचनालयाच्या लांब भिंतीवर एका चित्रकाराने पुरुषभर उंचीची अक्षरं रंगवली. तेलरंगात फक्त व्यंजनं. काना, मात्रा, वेलांटी येणाऱ्याजाणाऱ्यांनी खडूने द्यायची. खडूचा डबा खिळ्याला टांगलेला. उद्घाटनाचे पाहुणे भाषेच्या शुद्धतेवर इतकं बोलले की गळ्यातला हार सुकला. मग त्यांच्यापुढे 'मल' अशी दोन अक्षरं आली. नुसती वाचली तर भलताच अर्थ निघतो, म्हणून त्यांनी घाईने काना देऊन 'मला' केलं. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे 'मले' होतं.

समोर राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मात्रा पुसून पुन्हा काना दिला. दुपारी परत मात्रा. हे रोजचंच झालं. मुख्याध्यापक स्वतः बायकोला 'मले चहा दे' म्हणत, ते गल्लीभर ऐकू येई. पण भिंत त्यांच्या मते शाळेत मोडत होती.

एकदा शेजारीण आणि मी भाजीला निघालो. ती माझ्याहून थोडी मोठी, जिभेने बरीच. भिंतीवर ताजा 'मला' होता.

"पाहा बाई, तुमचं पुणं जिंकलं," ती म्हणाली.

मी पिशवी तिच्याकडे दिली, पदराने काना पुसला आणि टाचा उंचावून मात्रा काढली. ती मान वाकडी करून बघत राहिली.

"सरळ काहून काढली वं? झुकव ना जराशी. तुले मात्रा बी देता येत नाही, अन् म्हणे पुण्याची."

मी मात्रा झुकवली. पदर, मनगट, नाक, सगळं पांढरं झालं. मग आम्ही वांगी घेतली. भाव तिनेच केला. माझ्या 'केवढ्याला दिलीत'वर तिचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी ती मात्रा पुसली. माझं मराठी अशुद्ध ठरण्याची ती पहिलीच वेळ. संध्याकाळी नवरा हिंगण्याच्या कारखान्यातून आला, तेव्हा मी त्याला हे बढती मिळाल्यासारखं सांगितलं.