मैनेचा बुमलो

किहीमला आनंदीबाईंच्या नारळी-पोफळीच्या वाडीत पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत. आनंदीबाईंचा विश्वास मात्र कोणावरच नाही. दुधात बोट बुडवून बघणार, नारळ उतरवणारा निघाला की त्याची पिशवी चाचपणार. स्वयंपाकाच्या मैनेला तेवढं त्यांनी वगळलं होतं. तिच्या हातच्या मोदकांसाठीच तर पाहुणे फिरून येत.

यंदा एक गोरा म्हातारा पक्षी बघायला येऊन राहिला. परवा विहिरीपाशी तो मैनेला हळूच म्हणाला, "बुमलो?"

"बुमलो उद्या. माज्या घरी," मैना म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवून तिने आनंदीबाईंच्या माजघराकडे मान वळवली. माजघराच्या खिडकीत आनंदीबाईच उभ्या होत्या.

बुमलो म्हणजे काय? गांजा, की कसल्या गोळ्या? नावातच झिंग होती. उद्या पोलीस दारात आले तर वाडीची अब्रू गेली. मैनेला काढायचं त्यांनी ठरवलंच. पण उगाच कोणाच्या पोटावर पाय नको, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आधी शेजारच्या देवदत्तांकडे गेल्या. देवदत्त इंग्रजीचे निवृत्त मास्तर.

त्यांनी जाडजूड शब्दकोश उघडला आणि मिशीत हसले. "वहिनी, हा मासा. इंग्रजीत फारसा कोणी वापरत नाही असा शब्द. आपल्या बोंबलावरून गेला असावा, असं दिलंय. साहेबाच्या तोंडात बोंबील बसेना, त्याचा बुमलो झाला."

"म्हणजे नशा नाही ना?"

"ज्याची त्याची. तांदळाच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळला, की..." देवदत्त थांबले आणि चष्मा पुसू लागले.

आनंदीबाईंच्या स्वयंपाकघरात माशाचं नावही निघत नसे. तरी गांजापेक्षा बोंबील परवडला. दुपारी त्या वाडीमागे मैनेच्या घरी गेल्या. म्हातारा पाटावर बसून बोटं चाटत होता. मैनेच्या हातातला झारा तसाच राहिला.

"काढताय का मला, बाई?"

आनंदीबाईंनी नाकाला पदर लावला. "काढत नाही. पण वारा माझ्या घराकडे असेल तेव्हा तळायचे नाहीत."

मैनेचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात आनंदीबाईंना कोपऱ्यात झाकून ठेवलेलं दुसरं ताट दिसलं.

"हे कोणाचं गं?"

मैना नुसती देवदत्तांच्या कुंपणाकडे बघत राहिली.

बोंबील शब्दकोशात असेल, आनंदीबाईंच्या मनात आलं. पण कुरकुरीत?