यंदाचं सीतादही

मित्रहो, आत्ताच नेरहून घरी आलो. कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या कविमंडळाचा एक रिवाज आहे. कापसाच्या पहिल्या वेचणीला आम्ही गजाननभाऊच्या नेरच्या वावरात जमतो. वहिनी पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, झाडांपाशी दहीभाताचा नैवेद्य ठेवतात. त्यालाच आमच्याकडे सीतादही म्हणतात. मग गजाननभाऊ स्वतःची नवी कविता वाचतो आणि त्यानंतरच वेचणी सुरू होते.

यंदा गुलाबी अळीनं बोंडं आतून खाल्ली. वेचायला काही उरलंच नाही. तरी वहिनींचा फोन आला, "भाऊ, या तुमी. सीतादही चुकवाचं नाई."

मंडळातला मी एकटाच पोचलो. वहिनींनी दहीभात ठेवला, हात जोडले. गजाननभाऊ बांधावर बसून एकेक बोंड फोडून पाहत होता. "यंदा मले काहीच सुचलं नाई," तो म्हणाला. "तूच वाच."

मी त्याचीच गेल्या वर्षीची कविता वाचली, पांढऱ्याशुभ्र वावराची. कशीबशी संपवली.

वहिनी पदर खोचून उठल्या. "उद्यापासून पराटी उपटाची हाये. वेचाची कविता तं झाली भाऊ, उपटताना कोणती म्हणतेत?"

गजाननभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या पुस्तकांच्या पिशवीकडे.

तुमच्यापैकी कुणाकडे आहे का हो अशी उपटतानाची एखादी कविता? असली तर आजच पाठवा. सकाळी ते उपटायला लागतील.