नजरबादच्या काकांचा पासवर्ड

आमच्या म्हैसूरच्या समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नजरबाद भागातले एक काका आहेत. कुठं डेटा चोरीला गेला, कुठं उपग्रह भरकटला, सकाळच्या कॉफीआधी बातमी हजर. वर प्रत्येक वाक्याला कानडी "अल्वा?", म्हणजे "नाही का?", जोडून समोरच्याचा होकार स्वतःच धरून चालतात. दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायला त्यांच्या घरी गेलं, तरी ती हातात धरून ग्रुपवरचा वाद पुढं चालू! कंप्युटरवर पोट भरणारा मी, पण माझंसुद्धा ऐकतील तर शपथ.

परवा मी वैतागून लिहिलं, "काका, पासवर्डला देवाचं नाव ठेवू नये."

"का रे? माझा बारा वर्षं तोच आहे. कुणी फोडला नाही, अल्वा?" आणि खाली चक्क पासवर्डच लिहून टाकला: कुलदेवीचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन.

मी कपाळावर हात मारला. आता सगळे यांना झोडपणार म्हणून वाट बघत बसलो. अख्ख्या ग्रुपात कुणी चकार शब्द काढला नाही.

कुलदेवी आम्हा सगळ्या घरांची एकच.

मीही गुपचूप व्हॉट्सअ‍ॅप बंद केलं आणि माझा पासवर्ड बदलायला घेतला.