संदुकीतलं हँडल

माझे सासरे मोटर बघायचे ती बैल बघावा तशी. अंगावरची झूल आणि गळ्यातली घुंगरं काढायला लावायची, मग मागे उभं राहून जनावर लांब जाताना पाहायचं, ही त्यांची पारख. समोरून सगळेच देखणे दिसतात, म्हणायचे. हैदराबादेत एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची मोटर त्यांनी अशीच पारखून घेतली. साहेबाला ती चालवून दाखवायला लावली आणि स्वतः रस्त्यात मागे उभे राहिले. वळणावर ती दिसेनाशी झाली, तेव्हा घ्यायची हे ठरलं होतं.

मोटर शर्यतीची होती. लांब नाक, कापडाचं छत, बसायला दोनच जागा. रंग गडद तांबडा, म्हणून गावानं तिला कंधारी म्हणायला सुरुवात केली. आमच्याकडच्या लाल कंधारी बैलाचा रंग तोच. घरात दहा माणसं आणि मोटर दोघांची, हा शहाणपणा मामंजींनाच सुचावा. पण चालवायला बसले की त्यांची पाठ अशी ताठ व्हायची, की नावं ठेवणाराही बोलता बोलता थांबायचा.

मला लग्नानंतर सासरी आणलं ते याच मोटारीतून. मामंजी चालवत होते, शेजारी मी, माझ्या मांडीवर करवली. दोनच जागा, त्यामुळे नवरदेव मागून बैलगाडीत, माझ्या रुखवताच्या हंड्यांना धरून, आमची धूळ खात. मानवतच्या अलीकडे ओढ्यात मोटर रुतली आणि त्याच बैलगाडीचे बैल सोडून तिला जुंपावे लागले. बैल ओढताहेत, मी पदराआड हसतेय, आणि आमचे हे गुडघाभर चिखलात उभे राहून मोटारीकडे बघताहेत. यांचा तिच्यावरचा राग त्या दिवसापासूनचा.

काळ्या रानात पावसाळ्याचे चार महिने मोटर हलायची नाही. ती गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभी असायची. ती ठेवण्याआधी मामंजी पान्यानं इंजिनाचे चारी प्लग काढायचे, प्रत्येक भोकात मोटारीच्या तेलाचे चार थेंब सोडायचे आणि प्लग परत बसवायचे. आत गंज धरू नये म्हणून. मी शेणगोठा करता करता हे दर वर्षी बघत होते. दिवाळीनंतर वाटा वाळल्या की पुढे हँडल घालून फिरवायचे, आणि पहिल्या धुरासरशी गोठ्यातले बैल कान टवकारायचे. मग पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला पहिली फेरी. ते बघायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग लढाई लागली. पेट्रोल परवान्यावर गेलं, तेलाचा डबा मिळेना. मोटर पत्र्याखाली उभी राहिली ती राहिलीच. अशात एका पावसाळ्यात मामंजींना हिवतापानं धरलं आणि ते महिनाभर अंथरुणावर होते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलांचे खांदे सोललेले असतात, ते हळद आणि तेल लावून मळायचे. मी तेल-हळदीची वाटी घेऊन बैलांचे खांदे मळले आणि मागे वळले तर पत्र्याखाली मोटर उभी. यंदा हिला कुणी विचारलं नव्हतं. मला आणलं ते हिनं, आणि सणाच्या दिवशी ही कोरडी? मी पाना घेतला, चारी प्लग काढले, थेंब कशाला मोजायचे म्हणून घरच्या करडईच्या तेलाची चांगली धार सोडली, आणि प्लग होते तसे बसवले. शहाणपण केलं म्हणून मनातून खूश होते.

मामंजी बरे झाले आणि त्यांच्यात एक चमत्कारिक फरक पडला. मोटारीचं हँडल त्यांनी आपल्या संदुकीत ठेवून कुलूप लावलं. मोटारीला कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा स्वतः पुसायचे. घरात सगळे म्हणाले, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय.

लढाई संपल्यावर मानवतचा एक कापसाचा व्यापारी मोटर मागायला आला. यांना ती विकून विहिरीवर इंजिन बसवायचं होतं, आणि त्यात चूक काहीच नव्हतं. मोट ओढून बैलांचे आणि माणसांचेही हाल होत होते. मामंजींनी व्यापाऱ्याला चहा पाजून परत पाठवला. तो तीनदा आला.

"किती साल ठिवणार अजून?" त्यानं शेवटी विचारलं.

"जवळनं जाताना मान वळवून बघावं वाटतंय तवर," मामंजी म्हणाले.

हे ऐकून यांचं डोकं फिरलं. बापलेकांत बोलणं बंद झालं. जेवायला दोघांचे पाट समोरासमोर आणि मीठ माझ्यामार्फत मागायचं. असं सहा महिने चाललं.

एक दिवस मामंजी पोखर्णीला गेलेले बघून यांनी मानवतच्या जिनिंगमधला मिस्त्री आणला. त्यानं स्वतःचं आणलेलं हँडल लावलं. ते तसूभर फिरेना. त्यानं प्लग काढले, आत काडी घालून खरवडलं आणि ती नाकाशी धरली.

"करडईचं त्याल हाय. वाळून डिंक झालाय आत. कुणाची अक्कल ही?"

मी दाराआड सरकले. तेवढ्यात मामंजींची बैलगाडी दारात आली. उघडं इंजिन त्यांनी बघितलं, मिस्त्रीला बघितलं.

"म्या घातलं," ते म्हणाले. "तापात होतो. डबा चुकला."

पंचक्रोशीत मोटारीचं कळणारे म्हणून मामंजींचं नाव, आणि मिस्त्री त्यांच्या तोंडावर हसला. हेही हसले. मी दाराआडच उभी राहिले. त्याची लाज मला आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा द्यायला गेले, तेव्हा बोलले. "मामंजी, ते तेल मी घातलं होतं."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"त्याच साली. हँडल फिरना म्हणून प्लग काढले, तर कडंला हळदीची बोटं. पुसून टाकली." त्यांनी बशीत चहा ओतला. "पर प्लग कसे बसवलेस गं! एकबी तिरका न्हाई. या घरात दुसऱ्या कुणाला येतंय ते?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून हँडल फिरलं असतं काय?"

मी यांना त्याच दिवशी सगळं सांगितलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मिस्त्रीला मात्र जाऊ दिलं नाही. तो आठ दिवस रॉकेल ओतत राहिला, तासत राहिला, तेल माझं हे ठाऊक नसताना माझ्या अकलेचा उद्धार करत राहिला. नवव्या दिवशी मामंजींनी संदुकीतून हँडल आणलं आणि स्वतः फिरवलं. तिसऱ्या फेरीला कंधारी धूर सोडून बोलायला लागली. गोठ्यात बैलांनी कान टवकारले. मामंजी तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि बराच वेळ नुसतं ऐकत होते.

मग त्यांनी हँडल यांच्या हातात दिलं. "आता इका खुशाल," ते म्हणाले. "आता कुणीबी येऊन फिरवलं तरी कुणाचं काय निघत न्हाई."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्याला म्हाताऱ्याचा हट्ट म्हणत होतो, तो हा होता. गिऱ्हाईक आलं की हँडल मागणार, हँडल फिरणार नाही, आणि बोट माझ्याकडे वळणार. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत रडले.

यांनी हँडल हातात धरून ठेवलं होतं. मोटारीकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग घरात गेले आणि हँडल होतं तिथे, संदुकीत ठेवून आले. त्या वर्षीही आमच्या विहिरीवर मोटच चालली.